दुसरी चौकट

3 फेब्रुवारी 2025, सोमवार. नंदुरबार

आज एक ट्यूब टाकून दिली. आत दोन मिलिलिटर रक्त होतं, पाच वर्षांच्या मुलीचं. चिठ्ठीवर बॉलपेननं नाव लिहिलेलं होतं. सॅनिटायझरचा ओला हात लागला आणि शाई पसरली. आडनाव राहिलं, नाव गेलं. आडनावावरून काय कळणार? डोंगरातल्या एका पाड्यावर वीस घरं असली तर वीसही घरं वसावे नाही तर पाडवी. त्यात त्याच पाड्यावरून त्याच दिवशी एकाच वयाच्या दोन मुलींचं रक्त आलं होतं.

अंदाज बांधता आला असता. दुसरी ट्यूब नीट होती, म्हणजे उरलेली ही पहिलीची, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, बदलण्यासाठी जी जुळणी पाहतात, तिच्यात अंदाजाला जागा नाही. या ट्यूबवरून उद्या ठरणार की कोणाच्या अंगात कोणाच्या पेशी सोडायच्या. चिठ्ठी मीच लिहिली होती. त्या लेकराला मी पुन्हा सुई टोचणार, आणि का टोचते हे त्याच्या आईला मीच सांगणार.

वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं: चिठ्ठी रुग्णासमोरच लावायची. नाव, आईचं नाव, पाडा, तारीख, नंबर. गारठ्यात न सुटणारी चिठ्ठी, न पुसणारी शाई. चौदा वर्षं नमुने घेण्याच्या कामात आहे. हे सगळं माहीत होतं. तरी आज लिहिलं.

11 फेब्रुवारी 2025, मंगळवार. मोलगीच्या पुढे

पहाटे निघालो. तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट. मोलगीपर्यंत गाडी, पुढे जीप, शेवटचा तासभर पायी. सोबत आशाताई. तिच्याशिवाय या घरांत माझा शब्द पोचत नाही. मी शहाद्याकडची, मला इथली बोली कळते पण बोलता येत नाही.

पोरगा नऊ वर्षांचा. सिकलसेल. दोन वर्षांत दोनदा छाती भरून दवाखान्यात पडला, रक्त किती वेळा चढवलं त्याचा हिशेब आजीनं दोरीला गाठी मारून ठेवलाय. अकरा गाठी. कागदपत्रांशी ताडून पाहिलं, अकराच निघाले.

आई-बाप दोघेही वाहक असले की प्रत्येक मुलामागे चारातला एक धोका: दोघांकडून सदोष जनुक आलं तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मूल रात्रभर हातपाय धरून रडतं. देशात 2023च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी माणसांची तपासणी करायची म्हणून. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून तपासण्या चालू आहेत. फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी बरंच सुसह्य होतं. पण मुळापासून सुटका हवी तर आजवरचा रुळलेला मार्ग एकच, दुसऱ्याचा जुळणारा मॅरो. हे योगायोगानं कळलं. 1980च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसला रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलीला मॅरो दिला; तिला सिकलसेलही होता. कर्करोगाबरोबर तोही गेला.

मुंबईच्या डॉक्टरांनी म्हणूनच लिहून दिलंय: घरातल्या सगळ्यांची एचएलए टेस्ट करा. एचएलए म्हणजे पेशीच्या अंगावरची ओळखखूण. सहाव्या गुणसूत्रावर तिचा संच असतो, अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता शंभरात 25. तीन भावंडं असली तर त्यांतलं एक तरी जुळेल ही शक्यता 58पर्यंत जाते. या पोराला तीन भावंडं आहेत.

पण घरात होते फक्त पोरगा आणि आजी. आई-बाप आणि थोरला भाऊ ऊसतोडीला, बारडोलीकडे, धाकटा त्यांच्याबरोबर. बहीण आश्रमशाळेत. आजी सही करायला तयार होती, मी घेतली नाही. आई-बाप हयात असताना तिच्या अंगठ्याला कायद्यात अर्थ नाही, आणि तिला तसं न सांगता अंगठा घेणं मला पटलं नसतं.

फॉर्म मात्र वाचून दाखवला. त्यावर दोन चौकटी आहेत. पहिली: माझा नमुना जुळणीच्या तपासणीसाठी वापरा. दुसरी: तपासणीनंतर उरलेला नमुना प्रत्यारोपणाच्या संशोधनासाठी साठवून ठेवा. आशाताईनं दुसरी चौकट त्यांच्या बोलीत समजावली. आजीनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पोरगं गेलं, तर ते ठेवलेलं परत मिळेल का?"

इथे माणूस गेला की त्याच्या वापरातल्या वस्तूसुद्धा त्याच्याबरोबर द्यायची रीत आहे. मागे काही अडकून राहिलेलं बरं नाही. मला उत्तर देता आलं नाही. विचारून सांगते म्हणाले.

20 फेब्रुवारी 2025, गुरुवार. नंदुरबार

आज डायलिसिसवरच्या एका मावशींचं जुनं सीरम मागवलं गेलं. वय 46. गुजरातेत मूत्रपिंड बदलायचं ठरतंय, देणारा नवरा. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. नवरा बायकोला देतोय म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांनाच त्याचं अप्रूप.

क्रॉसमॅचसाठी, म्हणजे घेणाऱ्याचं सीरम देणाऱ्याच्या पेशींशी भांडतं का हे पाहण्यासाठी, दोन वेगवेगळ्या तऱ्हांचे नमुने लागतात, आणि त्यांची निगा एकमेकांच्या उलट. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत पोचायला हव्यात. म्हणून हिरव्या झाकणाची हेपरिनची ट्यूब, बर्फात ठेवायची नाही, उन्हात तर नाहीच, आणि शक्यतो 24 तासांत प्रयोगशाळेत. नवीन मुलं प्रेमानं ती बर्फाच्या पेटीत कोंबतात आणि पेशी वाटेतच मरतात. मावशींचं सीरम मात्र गोठवलेलंच जायला हवं. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त साकळू द्यायचं, फिरवायचं, वरचं पिवळसर पाणी बारीक कुपीत काढून घ्यायचं आणि उणे 80ला ठेवायचं. पुन्हापुन्हा वितळवून गोठवलं तर त्यातली प्रतिद्रव्यं खराब होतात. म्हणून एकाच मोठ्या ट्यूबपेक्षा पाच छोट्या कुप्या बऱ्या. एका वेळी एक काढायची.

आजच्या ताज्या सीरमबरोबर जुनं का मागतात? मावशींना चार बाळंतपणं झालीत. प्रत्येक गरोदरपणात पोटातल्या मुलाच्या अंगावर बापाच्या खुणा असतात, आणि आईचं रक्त त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं करू शकतं. तीच खूण घेऊन नवऱ्याचं मूत्रपिंड आलं तर ते जुनं भांडण काही तासांत पेटतं. प्रतिद्रव्यं कधी वाढतात, कधी उतरतात. आज दिसली नाहीत म्हणजे कधीच नव्हती असं नाही. गेल्या दोन वर्षांत रक्त चढवल्यानंतर दर वेळी आम्ही एक कुपी काढून ठेवली होती. त्या कुप्यांत मावशींच्या रक्ताची स्मरणवही आहे.

हे सगळं शास्त्रच असल्या कुप्यांवर उभं राहिलंय. 1958 साली पॅरिसमध्ये ज्याँ दोसे यांनी वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांचं सीरम इतरांच्या पांढऱ्या पेशींवर घालून पाहिलं आणि पहिली एचएलए खूण सापडली. 1980 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच सुमारास हॉलंडमध्ये व्हान रूड यांना अशीच प्रतिद्रव्यं अनेक बाळंतपणं झालेल्या बायांच्या रक्तात आढळली. 1964 साली अमेरिकेत पॉल तेरासाकींनी ही तपासणी थेंबाच्याही अंशावर आणली, म्हणून थोडं सीरम शेकडो तपासण्यांना पुरू लागलं. त्या बायांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. माझ्या मावशींचंही येणार नाही. कुपीवर तरी ते नीट असू दे.

26 फेब्रुवारी 2025, बुधवार. महाशिवरात्री

सुट्टी. अर्ध्या गावाच्या गाड्या देवमोगरेला याहामोगीच्या यात्रेला गेल्या. मी घरी बसून आजीच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं पुन्हा वाचली. जैविक नमुने साठवण्यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. देणाऱ्याला कधीही माघार घेता येते. लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी तटस्थ साक्षीदाराची सही लागते. सात ते अकरा वर्षांच्या मुलाला तोंडी विचारायचं, बारानंतर त्याची लेखी संमती घ्यायची, आई-बापाची तर हवीच. आदिवासी समाजात पंचांची परवानगी घेतली तरी प्रत्येक माणसाला स्वतंत्र विचारलंच पाहिजे.

मग हवासुपाईंची हकीकत वाचली. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी ही लहानशी आदिवासी जमात. 1990पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच रक्त मानसिक आजार, पूर्वज कुठून आले, अशा विषयांसाठी वापरलं गेलं. लोकांना कोणी विचारलं नव्हतं. 2003 साली त्याच जमातीतल्या एका तरुणीला विद्यापीठात एक प्रबंध ऐकताना हे कळलं. लढाई झाली. 2010 साली विद्यापीठानं 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर दिले. आणि रक्त परत केलं. त्यांच्या दृष्टीनं ते रक्त पवित्र होतं, काही नमुने गेलेल्या माणसांचे होते.

म्हणजे आजीचा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला विचारला गेलाय, आणि तिथे त्याचं उत्तर "हो, मिळेल" असं द्यावं लागलंय.

संध्याकाळी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लेखी कळवलं तर नमुना काढून नष्ट करू, आणि घरच्यांनी परत मागितला तर सुरक्षिततेचे नियम पाळून द्यायची सोय करू. मी म्हटलं, हे फॉर्मवर लिहा. त्यांनी दोन ओळी वाढवून पाठवल्या.

11 मार्च 2025, मंगळवार. मोलगी

होळीच्या आधीचा बाजार. ऊसतोडीवरून सगळे परत आलेत. ट्रक भरभरून माणसं, बोचकी, कोंबड्या, मुलं. वर्षात हेच चार दिवस अख्खं कुटुंब एका छपराखाली सापडतं.

घरी गेलो. साक्षीदार म्हणून पाड्यावरचे गुरुजी आले. आशाताई आमच्या कामात आहे, तिची सही तटस्थ धरता येत नाही. फॉर्म वाचला. बापानं विचारलं, "उरलेलं रक्त कशात ठेवता? नासत नाही का?" त्याला जनावरांच्या दवाखान्यातलं ते धूर सोडणारं भांडं आठवतं का विचारलं. आठवत होतं. त्याची गाय त्यातल्याच कांडीनं भरवली होती. त्यात द्रव नायट्रोजन असतो, उणे 196 अंश. बैल मरून गेला तरी कांडी वर्षानुवर्षं तशीच राहते. माणसाच्या जिवंत पेशी तशाच ठेवतात. नुसतं सीरम किंवा डीएनए असेल तर उणे 80 पुरतं. बाप म्हणाला, "म्हणजे आम्ही संपलो तरी ते राहील." मी हो म्हटलं.

मग आजीला तिचं उत्तर दिलं. परत मिळेल, असं लिहिलंय. ती ओळ गुरुजींनी बोट ठेवून वाचून दाखवली. तिनं मान हलवली, बोलली काहीच नाही.

पोराला महिन्यापूर्वीच रक्त चढवलंय. त्याच्या रक्तात परक्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. म्हणून गालाच्या आतून स्वॅब. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चूळ भरायची. कापसाची काडी गालाच्या आत टेकवून वर-खाली, गोल, तीस सेकंद. एका गालाच्या दोन, दुसऱ्या गालाच्या दोन. काडी बाहेर काढली की हवेत सुकू द्यायची आणि कागदी पाकिटात घालायची. प्लॅस्टिकमध्ये घातली तर ओल राहते, बुरशी धरते, डीएनए जातो. मी त्याला आधी विचारलं, करू का? त्यानं विचारलं, सुई आहे का? नाही म्हटल्यावर त्यानं आ केला. दुसऱ्या गालाच्या वेळी काडी त्यानं स्वतःच्या हातात घेतली आणि मोजत फिरवली, तीसपर्यंत, एकही आकडा न चुकता.

आई-बाप आणि धाकट्याचं झालं. बहीण तेरा वर्षांची, होळीसाठी शाळेतून आलेली. तिला बाजूला नेऊन एकटीला विचारलं: जुळलं तर तुझ्या कमरेच्या हाडातून मॅरो काढतील, भूल देऊन, नंतर काही दिवस दुखेल, नको असेल तर नको म्हण, मी कोणाला सांगणार नाही. ती म्हणाली, "भाऊ रात्री रडतो तेव्हा मीच पाय दाबते." आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

थोरला एकोणीसचा. तो यंदा होळीत नाचणारा बावा झालाय. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं. होळीचं पाळणूक, म्हणजे व्रत, चालू आहे, तोवर अंगाला काही लावून घ्यायचं नाही म्हणाला. गाडी थांबलीय, पेटी भरलीय, मुंबईला आठ दिवस आधीच कळवून ठेवलंय. तरी मी आग्रह धरला नाही.

बापानं पहिल्या चौकटीत अंगठा दिला. दुसरी कोरी ठेवली. "निकाल येऊ दे," म्हणाला.

14 मार्च 2025, शुक्रवार. काठी

रात्रभर काठीच्या राजवाडी होळीला होते. पहाटे होळी पेटली. शेकडो बावा, ढोलांचा आवाज छातीत. त्यात थोरला कुठेतरी असणार, सारख्या ठिपक्यांत ओळखू आला नाही. आज पिशवीत एकही ट्यूब नव्हती.

18 मार्च 2025, मंगळवार. नंदुरबार

सकाळी दार उघडलं तर थोरला पायरीवर बसलेला. नदीवर अंघोळ करून पाळणूक सोडलं आणि पहिल्या एसटीनं आला. स्वॅब दिला. तो सज्ञान, त्याचा फॉर्म त्याचा. अक्षर लावत स्वतः वाचला, दोन्ही चौकटींत सही केली. मी विचारलं, वडिलांनी दुसरी कोरी ठेवलीय, माहीत आहे ना? म्हणाला, "ते त्यांचं. हे माझं."

पाच पाकिटं आणि पोराचं एक, सहा पाकिटं संध्याकाळी मुंबईला रवाना.

22 एप्रिल 2025, मंगळवार. नंदुरबार

निकाल आला. ए, बी, सी, डीआरबी 1, डीक्यूबी 1; पाच जागा, दोन-दोन खुणा, दहापैकी किती जुळतात ते पाहायचं. बहीण अर्धी. थोरला अर्धा. धाकटा अजिबात नाही. आई-बाप नेहमीप्रमाणे अर्धे. पूर्ण जुळणारं घरात कोणी नाही.

मग घराबाहेरचा शोध. जगभरच्या नोंदवह्यांत 4 कोटींहून अधिक दात्यांच्या खुणा आहेत. भारतातले त्यांत फार थोडे. आपल्याकडे 2009 साली चेन्नईहून सुरू झालेली दात्री आहे, आणखीही काही आहेत. डॉक्टरांनी पाहिलं. या पोराशी दहापैकी दहा जुळणारा एकही माणूस मिळाला नाही.

कारण उघड आहे. खुणा रक्ताच्या नात्यानं, वंशानं चालत येतात. ज्याच्याशी जुळण्याची आशा सगळ्यात जास्त, तो माणूस याच डोंगरात असणार: अक्कलकुव्यात, धडगावात, नर्मदेपलीकडे. आणि या डोंगरातली माणसं कुठल्याही नोंदवहीत नाहीत. मुंबईच्या केईएममध्ये 1952 साली डॉ. भेंडे यांच्या पुढ्यात असेच रुग्ण आले होते, ज्यांना कोणाचंच रक्त चालेना. तो नवा रक्तगट निघाला, त्याला बॉम्बे हे नाव पडलं, आणि आज त्या गटाची माणसं एकमेकांना शोधून रक्त देतात. कारण एकदा त्यांची नोंद झाली.

25 एप्रिल 2025, शुक्रवार. पाड्यावर

निकाल फोनवर सांगता आला असता. पण घ्यायला पायी गेले होते, द्यायलाही पायीच गेले.

अंगणभर कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या, आमचूर करायला. आंबट वास. आजी आणि बहीण साली काढत होत्या. मी गुरुजींना बोलावून घेतलं आणि कागद वाचून दाखवला. पूर्ण जुळणारं कोणी नाही, हे एकदाच आणि स्पष्ट सांगितलं. अर्ध्या जुळणीवरही आता मॅरो देतात, त्यावर बरंच काम चाललंय, पण जोखीम जास्त. डॉक्टर म्हणतात, तूर्त गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. आई रडली. बहीण हातातला विळा खाली ठेवून आत गेली.

बऱ्याच वेळानं बापानं फॉर्म मागितला. दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "पोराचं उरलेलं ठेवू नका." मी कारण विचारलं नाही. फॉर्मवर "नाही" लिहिलं, त्याखाली त्याचा अंगठा, गुरुजींची सही, तारीख.

निघताना तो म्हणाला, "आजपर्यंत रक्त न्यायला लय जण आले. काय निघालं ते सांगायला पहिल्यांदा कोणी आलं."

परतीच्या जीपमध्ये हे वाक्य मनातून गेलं नाही. किती शिबिरं, किती ट्यूबा. मीही त्यांतलीच. कित्येक घरी निकाल द्यायला मी गेले नव्हते.

7 मे 2025, बुधवार. नंदुरबार

रात्री वादळी पाऊस, झाडं पडली, वीज गेली ती नऊ तास. जनरेटर सुरूच होईना. कोविडच्या काळात आलेला उणे 80चा फ्रीझर, आत सगळ्या कुप्या. अशा वेळी दार उघडायचं नाही हा पहिला नियम. भरलेला, बंद फ्रीझर हळूहळू तापतो. दर अर्ध्या तासाला बाहेरचा आकडा वहीत लिहीत बसले: उणे 78, उणे 74, उणे 69. पहाटे उणे 55.

पाचला जनावरांच्या दवाखान्यातल्या साहेबांना उठवलं. त्यांनी त्यांच्या साठ्यातला थोडा द्रव नायट्रोजन दिला. खिडक्या सताड उघडल्या, कारण बंद खोलीत तो वायू प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस कळायच्या आत कोसळतो. मावशींच्या कुप्यांचा डबा आधी त्यात ठेवला. सातला वीज आली. काहीही वितळलं नव्हतं. आकड्यांचं ते पान मी नोंदवहीला जोडलं. पुढे कोणाचा निकाल विचित्र आला तर त्या रात्री काय झालं होतं हे त्याला दिसलं पाहिजे.

19 जून 2025, गुरुवार. जागतिक सिकलसेल दिन

आज भाषणं झाली, हार झाले. सगळं आटोपल्यावर मी तीन नोंदी केल्या.

मावशींचं क्रॉसमॅच नकारात्मक आलंय, म्हणजे चांगलं. जुन्या सीरमशीही. कागदपत्रं मंजुरीला गेलीत.

पोराचा उरलेला नमुना मुंबईत नष्ट केल्याचं पत्र आलं. त्याची प्रत आणि मराठीतला मजकूर आशाताईकडे पाठवला, आजीला वाचून दाखवायला. पोरगा गोळ्या घेतोय, एप्रिलनंतर रक्त चढवावं लागलेलं नाही.

थोरल्यानं दात्यांच्या नोंदवहीत नाव घातलं. त्याच्याबरोबर त्याच्या पाड्यावरचे आणखी चौघं आले. प्रत्येकाला मी वेगळं बसवून विचारलं, एकानं विचार करतो म्हटलं आणि परत गेला. तिघांचे स्वॅब घेतले.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. नमुना घ्या, कारण डोंगरातल्या लेकरांना जुळणारं कोणी सापडायचं तर डोंगरातल्या माणसांची नोंद व्हायलाच हवी. पण ट्यूबवर नाव नीट लिहा, "नाही" आलं तर तेही तितक्याच नीट लिहा, आणि निकाल ज्याचा त्याच्या दारात नेऊन द्या. आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, धडधाकट वाचकांना विनंती: मॅरोदात्यांच्या नोंदवहीत नाव घाला. आधी सगळं विचारून घ्या, मग द्या. त्याला लागतात चार काड्या आणि दोन मिनिटं.